जमनाबाईंच्या दंडावरचा पट्टा

मी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा. दंडाला गुंडाळतात आणि फुगून आवळतो ना, तोच मी. बोलायची मला सवय नाही, नुसते सुस्कारे टाकत आलो. पण आज आभार मानायचेत, म्हणून तोंड उघडतोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या गारव्यात मिरवू. आलो कानडी मुलखात, बेळ्ळंदूरच्या पत्र्याच्या वस्तीत, आरोग्यखात्याच्या आशाताई महानंदाच्या पिशवीत. दवाखाना तसा जवळच होता. पण तो उघडेपर्यंत इथल्या बायका समोरच्या उंच इमारतींत कामाला लागलेल्या असतात, आणि खाडे केले की काम जातं. म्हणून महानंदा मला घेऊन पहाटे पाण्याच्या टँकरपाशीच बसायची. नंबर येईपर्यंत बायकांचे दंड मोकळेच असतात.

तिथेच जमनाबाई भेटल्या. इमारतीत स्वयंपाकाची कामं करणाऱ्या, आणि रक्तदाब असा की माझीच छाती दडपली. महानंदानं त्यांना हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, "रोज घ्या, नाहीतर अर्धांगाचा झटका येईल," असं बजावलं. पण सुई टोचली नाही. सुई न टोचणारा डॉक्टर कसला, असं जमनाबाईंचं मत.

त्यांचा विश्वास बसला तो माझ्यावर. रोज पहाटे दंड पुढे करायच्या. "स्वल्प घट्ट आवळ ग. ह्यानंच डोकं हलकं होतं बघ."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. पण आकडा काही उतरेना. शेवटी महानंदानं विचारलं, तेव्हा कळलं की गोळ्या डब्यात जशाच्या तशा आहेत.

"रोज पट्टा आवळून घेते की. मग गोळी कशाला?"

मी हादरलो. माझ्या भरवशावर ही बाई एक दिवस शेगडीपाशी कोसळायची.

महानंदा चिडली नाही. "सरी अक्का, बरं," ती म्हणाली, "पण उद्यापासून आधी माझ्यासमोर गोळी, मगच पट्टा."

जमनाबाई कुरकुरल्या, पण माझ्यापायी गोळी गिळू लागल्या. हळूहळू आकडा उतरला. त्या दिवशी त्यांनी मला कपाळाला लावलं. गोळीचं श्रेय मी आयतंच खाल्लं.

आता माझी नळी चिरली आहे. नवं यंत्र आलंय, पण जमनाबाईंना ते परकं वाटतं. म्हणून महानंदा नव्या यंत्रानं मोजते आणि दुसऱ्या दंडावर मला नुसतंच आवळून बांधते. मी काहीच मोजत नाही. तरीही रोज पहाटे त्या उबदार दंडावर मला जागा मिळते. तुम्हां दोघींचे हे उपकार मी विसरणार नाही.

अक्का, एवढंच मागतो. एखाद्या पहाटे मी पिशवीत नसेन. मला शोधत बसू नका, गोळी तेवढी घ्या.