वाजवून देतो, पावणं

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक गोदाम मनात आणा. छतापर्यंत खोकी रचलेली आहेत. त्यांत टीव्ही आहेत, मोबाइल आहेत, गाण्यांच्या आणि सिनेमांच्या हजारो सीडी आहेत. आणि तरीही तिथे गाण्याची एक ओळ ऐकू येत नाही. ऐकू येतो तो फक्त चिकटपट्टी ओढल्याचा चर्रर्र आवाज. आता दाराशी या. तिथे काचेच्या पेटीत एक काळे यंत्र दिसते ना? तो मी.

मी एक जुना टेप आहे. खरे तर रेडिओ, कॅसेट आणि सीडी मी तिन्ही वाजवीत असे, पण कोल्हापुरात मला सगळे टेपच म्हणत. १९९६ साली मी राजारामपुरीतल्या एका लहानशा दुकानात आलो. मालक बसलिंगाप्पा, गिऱ्हाइके त्यांना आप्पा म्हणत. आप्पांचा एक नियम होता. समोर वाजवून दाखवल्याशिवाय काहीही विकायचे नाही. खिशातल्या ब्लेडने ते वेष्टन अलगद उघडत, सीडी माझ्यात घालत, थोडे सुरुवातीचे आणि थोडे शेवटचे ऐकवत.

एखादा घाईतला माणूस म्हणे, "द्या की आप्पा तसंच. एस्टी चुकंल माझी!"

"एस्टी दुसरी मिळंल. घरात जाऊन वाजलं न्हाय तर शिव्या मलाच घालशीला. थांबा, वाजवून देतो, पावणं."

मला दिवसभरात एकही गाणे पूर्ण वाजवायला मिळत नसे. पण मला त्याचे वाईट वाटत नसे. पन्हाळ्याचा, इचलकरंजीचा माणूस वाकडी वाट करून आमच्याकडे येई, कारण आमच्याकडचा माल वाजतो अशी ख्याती होती.

आप्पांचा मुलगा मृत्युंजय पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आला. २००१ साली त्याने दुकानाची वेबसाइट काढली. पहिल्या महिन्यात तीन मागण्या आल्या. वर्षभरात रोज तीस येऊ लागल्या. नागपूर, बेळगाव, मुंबई. माणसे घरबसल्या बटण दाबत आणि कुरिअरने सीडी मागवत. आप्पा खूश होते. त्यांनी आपल्या पद्धतीने कामाला हात घातला. प्रत्येक सीडीचे वेष्टन फोडायचे, ती माझ्यात वाजवायची, मऊ फडक्याने पुसायची, चिकटपट्टी लावून पाठवायची.

एका सोमवारी चौदा पाकिटे परत आली. सगळ्यांवर एकच तक्रार होती: सील फोडलेले आहे, वापरलेला माल पाठवता काय?

मृत्युंजय भर दुकानात ओरडला, "आप्पा, कुणी सांगितलं तुमास्नी सील फोडायला?"

"अरं, बघाय नको व्हय वाजतंय का?"

"न्हाय बघायचं! सीलबंद म्हंजे नवं. लोकांस्नी तेच पायजे."

"न बघता माल द्यायचा तर आपण दुकानदार कसले? पोस्टमन की!"

गिऱ्हाइके हसली. मृत्युंजय हसला नाही. त्या दिवसापासून माझ्यात एकही सीडी गेली नाही.

धंदा मात्र वाढत गेला. मोबाइल आले, कॅमेरे आले, टीव्ही आले. राजारामपुरीचे दुकान बंद झाले आणि शिरोलीच्या बाजूला हे गोदाम उभे राहिले. उद्घाटनाला माझ्यासाठी काचेची पेटी केली आणि तिला हार घातला. वर पाटी लावली, 'आमची सुरुवात'. फोटो काढणारा म्हणाला, "ही वायर घाण दिसते." मग कुणीतरी कात्रीने माझी वायर मुळापासून कापली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हार घालू नका. तिला तिचे काम द्या. हारापेक्षा वायर मोलाची असते.

आप्पांनाही मान मिळाला. फाटकाजवळ एक खुर्ची. खोकी बांधायला आलेली नवी पोरे त्यांना राखणदार समजत. "ओ मामा, गेट उघडा की जरा!" आप्पा उठत आणि उघडत.

२००७ च्या मे महिन्यातली गोष्ट. मृत्युंजयची दहा वर्षांची मुलगी रक्षिता सुटीत गोदामात येई आणि आजोबांच्या, म्हणजे तिच्या अज्जाच्या, खुर्चीशी बसे. एका दुपारी कोडोलीचे धनपाल खोके काखेत मारून, हातात एक सीडी घेऊन आत आले.

"सीडी प्लेअर मागवलाय तुमच्याकडनं. मुका हाय. आई अंथरुणाला खिळलीया, तिला स्तवनं ऐकायची हाईत."

"वेबसाइटवर तक्रार टाका," टेबलाशी बसलेला मुलगा म्हणाला.

"तीनदा टाकली. 'तक्रार मिळाली, धन्यवाद' असं येतंय. धन्यवाद लावून स्तवन वाजत न्हाय, पावणं!"

मृत्युंजय बाहेर आला आणि त्याने दुसरे खोके पुढे केले. "हा घ्या. नवा कोरा, सीलबंद."

"पहिलाबी सीलबंदच हुता," धनपाल म्हणाले. "ह्यो तरी वाजतोय का?"

आप्पा खुर्चीतून उठले. त्यांचा हात खिशात गेला. त्यांनी मुलाकडे पाहिले, हात रिकामाच बाहेर आला आणि ते पुन्हा खाली बसले. ब्लेड अजून खिशात असते, हे मला ठाऊक होते. एवढ्या वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रक्षिताने अज्जाकडे पाहिले. मग वडिलांकडे. ती उठली, अज्जाच्या खिशातून ब्लेड काढले आणि नव्या खोक्याचे सील सरळ फाडले.

"रक्षू! अगं ते विकायचंय!" मृत्युंजय ओरडला.

तिने ऐकले नाही. प्लेअर उचलून तिने माझ्या पेटीवर ठेवला, माझ्यासाठी भिंतीत बसवलेल्या आणि रिकाम्याच राहिलेल्या प्लगमध्ये त्याची पिन घातली आणि धनपालांपुढे हात केला.

"काका, तुमच्या आईची स्तवनांची सीडी द्या. वाजवून देते."