नारिंगी बिल्ले

लॉरेलनं पिचकारी उजेडात धरली, टिचकी मारून आतला बुडबुडा वर आणला आणि लशीचा एक थेंब बाहेर पडेपर्यंत दट्टा दाबला. मग खोड्याच्या फळ्यांमधून हात आत घालून तिनं वासराच्या मानेची कातडी चिमटीत धरली. सुई गेली तसं वासरू थरारलं, पण ओरडलं नाही. ओरडण्याचं काम कुंपणापलीकडे त्याची आई करत होती.

"झालं," लॉरेल म्हणाली.

तिच्या सासऱ्यानं, हार्लननं, खोड्याचा दांडा ओढला. "ट्रक," तो ओरडला.

वासरू बोळातून धावत सुटलं. बोळाच्या टोकाला तिचा नवरा गेलन फाटक धरून उभा होता. त्यानं फाटक डावीकडे लोटलं आणि वासरू ट्रकच्या आवारात गेलं. उजवीकडे दुसरं लहान आवार होतं, घरी ठेवायच्या कालवडींसाठी. सकाळपासून ते रिकामंच होतं.

उनरू कुटुंबाच्या शेतावर वासरांचं दूध तोडायचं ते नोव्हेंबरातल्या याच रविवारी. शनिवार गेलनच्या कॉलेज संघाच्या फुटबॉलचा, त्यामुळे दुसरा दिवस नव्हताच. सकाळचं चर्च उरकायचं, मोटारीतच कपडे बदलायचे आणि बारा मैल कच्च्या रस्त्यानं इथं यायचं. पाद्रीबाबांनी पहिली दोन वर्षं नाक मुरडलं, मग विचारायचं सोडून दिलं. वासरं कुंपणाच्या एका बाजूला, आया दुसऱ्या बाजूला. एकमेकांना बघायचं, हुंगायचं, पण प्यायचं नाही. तीन दिवस नुसता हंबरडा. चौथ्या दिवशी गायी खाली मान घालून चरायला लागायच्या, आणि गुरुवारी ट्रक यायचा.

"ट्रक," हार्लन पुन्हा म्हणाला.

"बाबा, ही कालवड आहे," लॉरेल म्हणाली.

"दिसतंय मला. म्हातारा झालोय, आंधळा नाही. ट्रक."

गेलननं फाटक लोटलं. ही सातवी. दर वर्षी हार्लन दहाबारा चांगल्या कालवडी निवडून ठेवायचा. म्हाताऱ्या गायी जायच्या, या त्यांच्या जागी यायच्या, आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांदेखत कळप होता तेवढाच राहायचा. यंदा त्यानं एकही ठेवली नव्हती.

पुढची कालवड तांबडी होती, तोंड पांढरं स्वच्छ, पाठ टेबलासारखी सरळ. गेलन बोळातून ओरडला, "बाबा, हिच्या आईनं नऊ वासरं दिलीत. एकदाही डॉक्टर बोलवावा लागला नाही."

"मग मी काय करू? तिचा सत्कार? ट्रक म्हटलं ना! यंदा ठेवायचीच नाही एकही. कानात टोचायचे बिल्लेसुद्धा आणले नाहीत मी."

लॉरेलनं नवीन सुई बसवली. तिची बोटं गार पडली होती. तिनं हार्लनकडे बघितलं, पण तो गायींकडे बघत होता.

पाच दिवसांपूर्वी, मंगळवारी संध्याकाळी, गेलन स्वयंपाकघरात टॉवेलांच्या घड्या घालत होता. कॉलेजचं धुलाईयंत्र बिघडलं की संघाचे सत्तर-ऐंशी टॉवेल तो घरी घेऊन यायचा. मुख्य कोचनं टॉवेल धुऊ नयेत असं त्याला कुणी सांगितलं असतं तर तो नुसता हसला असता. घड्या घालता घालताच तो बोलला. पूर्वेकडच्या एका मोठ्या विद्यापीठातून कोचपदासाठी फोन आला होता. ऐंशी हजार माणसं बसतील एवढं मैदान. इथून अकराशे मैल.

"रविवारी दुपारी एकपर्यंत उत्तर हवंय त्यांना," टॉवेलाची टोकं जुळवत तो म्हणाला.

"मग?"

"बघू."

हा 'बघू' लॉरेलच्या ओळखीचा होता. सव्वीस वर्षांत सहा गावं झाली, सहा घरं झाली. प्रत्येक गावात तिनं नव्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, प्रत्येक प्रयोगशाळेतले गळके नळ तिला पाठ झाले, आणि मग एखाद्या संध्याकाळी 'बघू' आला आणि आठवड्याभरात खोकी आली. हे सातवं गाव मात्र टिकलं. इथं नऊ वर्षं झाली होती. सात वर्षं तिनं विश्वास ठेवला नाही. आठव्या वसंतात तिनं परसात अॅस्पॅरॅगसचा वाफा केला. त्याची मुळं लावली की पहिली दोन वर्षं एक कोंबसुद्धा कापायचा नसतो. तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, पहिल्यांदा सुरी लावायची. आधीच्या सहा घरांत तिनं मुळा, पालक, टोमॅटो, सगळं लावलं होतं. हे नाही.

मंगळवारनंतर गेलन त्या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता. तिनंही विचारलं नव्हतं. पण गुरुवारी अंधार पडायच्या आत घरी येऊन, न सांगता, त्यानं वाफ्यावर पेंढा पसरला होता. शुक्रवारी दुपारभर तो शेतावर होता. शनिवारी मोसमाची शेवटची मॅच झाली. तीन गुणांनी हरले. मॅचनंतर तो संघातल्या पोरांसमोर रडला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लॉरेलनं या सगळ्याची मनाशी बेरीज केली होती, पण उत्तर मांडायचं धाडस तिला होत नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

"ट्रक."

पांढऱ्या तोंडाची तांबडी कालवड बोळातून गेली. फाटक उजवीकडे वळलं. कालवड रिकाम्या आवारात शिरली आणि एकटी असल्याचं लक्षात आल्यासारखी मध्येच थबकली.

"हात निसटला," गेलन म्हणाला.

हार्लननं दांडा परत ओढला. पुढची दोन वासरं गोऱ्हे होती, ती ट्रकच्या आवारात गेली. तिसरी कालवड. "ट्रक." पुन्हा फाटक उजवीकडे.

"निसटला."

लॉरेलनं मान खाली घातली, म्हणजे चेहरा दिसणार नाही. लग्नाच्या आधी गेलननं तिला एक गोष्ट शिकवली होती. समोरच्या संघाचा गडी जमिनीवर हात टेकून वाकलेला असतो, तेव्हा त्याच्या बोटांकडे बघायचं. पेरं पांढरी पडली असतील तर अंगाचा भार पुढे आहे, तो मुसंडी मारणार. हात नुसता टेकवलेला असेल तर तो मागे सरकणार. ही विद्या त्याला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. बिथरलेली गाय कुठल्या पायावर भार देते ते बघायला बापानं त्याला इथं, याच बोळात शिकवलं होतं.

तिनं आता त्याच्या हाताकडे बघितलं. फाटकाच्या वरच्या दांडीवर तो हलकेच टेकलेला होता. मागे सरकणार, तिनं मनाशी म्हटलं. नाही म्हणणार.

शेवटून दुसरी कालवडही उजवीकडे गेली.

"कोचसाहेब," हार्लन म्हणाला, "आज हात भलताच निसटतोय. पोरांना हेच शिकवता होय? काल हरलात त्यात नवल ते काय!"

"काल पंचांनी घात केला, बाबा."

"हो हो. आजही पंचांनीच केला असेल."

लॉरेल हसली. गरजेपेक्षा जरा मोठ्यानं हसली, आणि हार्लननं तिच्याकडे वळून बघितलं.

पाऊण वाजता काम संपलं. पिकअपच्या मागच्या फळीवर तिघं जेवायला बसले. लॉरेलनं बिअरॉक, म्हणजे कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव, आणले होते, फडक्यात गुंडाळल्यामुळे अजून कोमट होते. वारा उत्तरेकडून येत होता. पलीकडच्या पट्ट्यात गहू चार बोटं वर आला होता. गायींचं हंबरणं एकसारखं चालू होतं. एक थांबली की दुसरी, आणि मधूनच सगळ्या मिळून, बोलणं ऐकू येणार नाही इतक्या जोरात.

गेलनचा फोन पुढे काचेखाली पडला होता. लॉरेलला तो मागच्या काचेतून दिसत होता. तिनं घड्याळ बघितलं. एकला पाच मिनिटं कमी. तिनं फ्लास्कमधून तिघांसाठी कॉफी ओतली, स्वतःच्या कपात अर्धीच. गेलननं दुसरा बिअरॉक उचलला. एक वाजला. एक वाजून दोन मिनिटं. गेलन सावकाश चावत होता. एक वाजून सहा.

लॉरेलनं घड्याळावरून बाही खाली ओढली.

"मे महिन्यात," ती म्हणाली, कुणाकडे न बघता, "अॅस्पॅरॅगस कापता येईल. बाबा, तुम्हाला लोण्यात परतून देईन. आईंना आवडायचा ना?"

"तिला आवडायचा. मला गवत खाल्ल्यासारखं वाटतं," हार्लन म्हणाला. "पण आण."

गेलनचं चावणं थांबलं होतं.

"एक वाजून गेला," लॉरेल त्याला म्हणाली.

"हो."

"फोन करायचा नाही ना?"

गेलननं टोपी काढली, आतल्या घामाच्या डागाकडे बघितलं आणि परत घातली. "केला," तो म्हणाला. "गुरुवारीच."

सगळ्या गायी एकदम हंबरल्या. लॉरेल त्या थांबेपर्यंत थांबली.

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

तिनं कप फळीवर ठेवला. तो कलंडला नाही ना हे बघून मगच हात काढला.

"गुरुवारी तू वाफ्यावर पेंढा घातलास."

"थंडी पडणार होती." त्याचा आवाज खाली गेला. "रोज सांगणार होतो, लॉरेल. मॅच व्हायच्या आत पोरांच्या कानावर जाऊ नये म्हणून कुणालाच नाही सांगितलं. आणि वाटलं, तू खूश होशील. तू डेन्व्हरची, शहरातली. नव्या ठिकाणी मोठं शहर आहे, समुद्र दोन तासांवर. या धुळीत तुला आणून टाकलं मी, नऊ वर्षं."

"मला विचारलं होतंस?"

गेलननं अर्धा बिअरॉक परत फडक्यावर ठेवला.

"मला शुक्रवारीच कळलं," हार्लन म्हणाला. तो बिअरॉकचे सांडलेले कण मांडीवरून झटकत होता. "नऊ वर्षं कुरकुरणाऱ्या फाटकाला तेल घातलं यानं. टाकीची तोटी बदलली, छपराचा पत्रा ठोकला, माझ्या न्हाणीत धरायला दांडा बसवला. एका दुपारी. राहणारा माणूस सगळं असं एका दुपारी करत नाही, पोरी. तो म्हणतो, करू कधीतरी."

"म्हणून तुम्ही एकही कालवड..."

"माझे गुडघे बघ ना. हिवाळ्यात बर्फ फोडून पाणी कोण देणार यांना? आहेत त्या म्हाताऱ्या माझ्याबरोबर निभावतील."

"मग त्या तिघी कशाला?" लॉरेलनं गेलनला विचारलं.

तो लहान आवाराकडे बघत होता. तिन्ही कालवडी कुंपणाला अंग लावून, एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या.

"हात निसटला," तो म्हणाला.

"बरं, पुरे झालं," हार्लन फळीवरून उतरत म्हणाला. उतरताना त्यानं मुलाचा खांदा धरला, आणि पाय जमिनीला लागल्यावरही थोडा वेळ धरूनच ठेवला. "काढ त्यांना. दुसऱ्यांत घाल. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काही नाही. चांगलं काम मिळालंय. तुझी आई असती तर गावभर सांगत फिरली असती."

गेलन उठला आणि लहान आवाराच्या फाटकाकडे चालू लागला.

लॉरेलनं उरलेले बिअरॉक फडक्यात बांधले. पिचकारी पेटीत ठेवली, वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या, डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग ती गोठ्यात गेली. खिडकीजवळच्या फळीवर कॉफीचा जुना डबा होता, त्यात गेल्या वर्षीचे उरलेले बिल्ले होते. नारिंगी. तिनं तीन मोजून घेतले, खिळ्याला टांगलेला बिल्ले टोचायचा चिमटा काढला, त्याची सुई पेटीतल्या औषधानं पुसली आणि परत खोड्यापाशी येऊन उभी राहिली.

गेलन कडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. त्याच्या बोटांकडे तिनं बघितलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "दांड्यापाशी या. एकेक सोडू दे त्याला."

हार्लन आला. दांड्यावर हात ठेवून त्यानं तिच्या तळव्यातले बिल्ले न्याहाळले.

"हे गेल्या वर्षीचे. यंदाचा रंग हिरवा."

"हिरवे तुम्ही आणले नाहीत."

"अगं, पण मे महिन्यात त्या मोठ्या कळपात मिसळतील. रंग चुकला की घोळ होतो. कुठल्या सालची कुठली, कुणाला ओळखू येणार तेव्हा?"

पहिली, पांढऱ्या तोंडाची, खोड्यात शिरली. तिनं मान हिसडली, मग उभी राहिली. लॉरेलनं तिचा डावा कान धरला, शीर कुठून जाते ते उजेडाकडे धरून बघितलं, आणि तिच्या बाजूला, मऊ जागी, चिमटा लावला.

"मला येतील ओळखू," ती म्हणाली, आणि चिमटा दाबला.