बारा खणांचा काळा कॅबिनेट

मित्रांनो, दिसायला मी काळ्या पत्र्याचा एक उभा खोका आहे. कॉम्प्युटरच्या दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. माझं वय झालं आहे, एक कोपरा चेपला आहे, आणि खरं सांगायचं तर मला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. माझ्या पोटात बारा खण आहेत. एकेका खणात एक हार्ड डिस्क बसते. खण रिकामे असले की माझा पत्रा खडखडतो, भरलेले असले की पंखे घोंघावतात.

जन्माचं एवढंच आठवतं, की वरून प्रचंड दाब आला आणि मी सपाट होतो तो वाकलो. मग रंग, मग स्क्रू, मग खोका. तिथून मी आलो तो थेट माणकोली नाक्याजवळच्या एका मोठ्या गोदामात. त्या गोदामात जिकडेतिकडे कॅमेरे होते. दिवसभर ट्रक यायचे, माल उतरायचा, ट्रक जायचे, आणि ते सगळं माझ्या डिस्कवर साठायचं. जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं. मला बसवणारा माणूस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "असला दणकट पत्रा आता मिळत नाही." मी फुशारलो होतो. पण वर्षं गेली तशी आत काहीतरी कुरतडायला लागलं. मी एवढं सांभाळत होतो, आणि त्यातलं कोणाला काहीच नको होतं. एकदाही कोणी मागे वळून पाहिलं नाही.

पुढे गोदामात नवी यंत्रणा आली. माझ्या डिस्क काढून घेतल्या आणि मला चांगदेव नावाच्या भंगारवाल्याकडे दिलं. ताडपत्रीखाली फुटके मॉनिटर आणि गंजके पंखे यांच्यामध्ये मी पडून राहिलो. रस्त्यावरून कंटेनर गेला की माझे रिकामे खण थरथरायचे. कोणी ताडपत्री उचलली की वाटायचं, आता आपला नंबर लागला. मग कोणीतरी शेजारची वायर ओढून न्यायचं आणि पुन्हा अंधार.

एके दिवशी ताडपत्री उचलली ती भाविकाने. सोबत तिचा नवरा मनोज होता. मनोज लग्नांचं आणि हळदीचं शूटिंग करायचा. त्याच्या साऱ्या डिस्क घरात एका फळीवर सुट्या ठेवलेल्या असत. त्यातली एक पडली आणि एक अख्खं लग्न गेलं. ती नवरीमुलगी नंतर घरी आली होती. तिचे वडील मध्यंतरी वारले होते, आणि ते चालताना, हसताना फक्त त्या व्हिडिओत दिसत होते.

"तिला काय सांगायचं तेच सुचेना," भाविका चांगदेवला म्हणाली. "तेव्हापासून मला झोप नाही. सगळ्या डिस्क एका जागी, घट्ट बसतील असं काहीतरी दाखवा. नवे कॅबिनेट बघून आलो. काचेचे, रंगीत दिव्यांचे. आत डिस्क मावतात दोन."

"दिसायला मात्र झकास होता," मनोज पुटपुटला. "गिऱ्हाईक घरी आलं की बरं वाटतं."

"गिऱ्हाईक दिवे बघायला येतं, का लग्न बघायला?"

"आणि तो दुसरा? आडवा, लांबलचक?"

"तो ठेवायला वेगळी घोडी लागते. भाव विचारूनच मी मागे फिरले. त्यात त्याचे पंखे इतके ओरडतात, त्यापेक्षा आमच्या शेजारच्या कारखान्यातले लूम परवडले."

मग तिने पर्समधून तीच पडलेली डिस्क काढली आणि माझ्या एकेका खणात सरकवून पाहिली. पहिला खण, दुसरा खण. मी श्वास रोखून होतो. चेपलेल्या कोपऱ्याजवळचा शेवटचा खण अडला. मनोज म्हणाला, "बघ, वाकडा आहे." मला वाटलं, संपलं. पण भाविकाने हात आत घातला, पत्रा अंगठ्याने दाबला, आणि डिस्क टक् करून बसली.

"पंख्यांना जागा आहे, पत्रा जाड आहे, खण भरपूर आहेत," ती म्हणाली. "चेपलेला कोपरा भिंतीकडे करू."

"वजनावर देतो ताई, भंगाराच्या भावात," चांगदेव म्हणाला.

"मग जरा हलका द्या ना," मनोज म्हणाला, आणि तिघंही हसले.

नारपोलीत मनोजच्या घराची एक भिंत लूमच्या कारखान्याला लागून होती. मागांची खडखड भिंतीतून थेट जमिनीत उतरायची. डिस्कला अशी थरथर सोसत नाही. मनोजने माझ्या पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवले. हवेत सुताचा भुगा उडायचा, म्हणून भाविकाने पंख्यांपुढे मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला. मग फळीवरच्या साऱ्या डिस्कमधलं सगळं माझ्यात उतरलं. किती नवऱ्यामुली, किती मांडव, किती रुसलेले मामा! आणि या सगळ्यांत ठकुबाई.

ठकुबाई ही मनोजची आत्या. ती कोन गावात राहायची आणि धवलारीण होती. आगरी लग्नात एकेका विधीला जी गाणी म्हणतात, ते धवले तिला तोंडपाठ होते. मनोजने पहिला कॅमेरा घेतला तेव्हापासून तो तिला टिपत आला होता.

ती एकदा घरी आली तेव्हा भाविका म्हणाली, "आत्या, नवी पेटी आणलीय बघा."

"पेटी? मंग वाजव बगू."

"वाजवायची नाही हो! यात तुमची गाणी ठेवलीत."

ठकुबाईने माझ्याभोवती एक फेरी मारली. "माजा गला या डब्यान कोंडलाव? बाहेर तरी येल का न्हाय?"

पुढच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. त्याच सुमारास तिची नात मेघाली, म्हणजे ठकुबाईचा मुलगा केसरीनाथ याची मुलगी, हिचं लग्न ठरलं. साऱ्या गावाची लग्नं गाऊन लावून दिलेली बाई घरच्या लग्नात गप्प बसणार होती. गावातल्या बायकांना एकाचं तोंड, एकाचं शेपूट एवढंच येत होतं. पूर्ण धवले होते ते फक्त माझ्याकडे.

आणि नेमका तेव्हाच मी तापायला लागलो. लग्नसराई होती. मनोजची रोज कुठेतरी ड्युटी असायची, भाविका त्याच्या एडिटिंगमध्ये बुडालेली. जाळीवरचा भुगा पुसायला कोणाला सवड नव्हती. जाळी गोधडीसारखी जाड झाली. मी पंखे जीव तोडून फिरवले, पण हवाच येईना. मला ओरडता येत नाही. मी मोबाइलवर इशारे पाठवत राहिलो आणि ते मनोजच्या इतर मेसेजांखाली गाडले गेले. एका दुपारी एक डिस्क कटकट करत बंद पडली.

भाविकाने सहज माझ्यावर हात ठेवला आणि चटकन काढला. "अहो! हा तवा झालाय!" तिने मला बंद केलं.

मित्रांनो, आमची मांडणी अशी होती की एक डिस्क गेली, तर उरलेल्या मिळून तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर लिहून काढतात. पण त्या वेळात आणखी एक गेली, तर काहीच हाती लागत नाही. मनोज धावत जाऊन नवी डिस्क घेऊन आला आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा," भाविका म्हणाली. "इथे नको. भिंत अशी हादरतेय, त्यात या सगळ्या पोळलेल्या. दुसरी गेली तर?"

"मग कुठे नेऊ? कारखाना बंद करायला सांगू?"

"कोनला नेऊ. आत्यांकडे."

मला चादरीत गुंडाळून रिक्षात ठेवलं. डिस्क वेगळ्या काढून भाविकाने मांडीवर घेतल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला ती म्हणत होती, "भाऊ, हळू."

"आराम से ही चला रहा हूँ मॅडम. अंडे हैं क्या?"

"त्याहून नाजूक."

केसरीनाथच्या घरात आतल्या थंड खोलीत मला ठेवलं. जाळी धुतली, डिस्क जागेवर गेल्या, आणि काम सुरू झालं. ते भरभर होत नाही. घरभर येरझाऱ्या चालू होत्या. मनोज किती टक्के काम झालं तो आकडा बघायचा, बाहेर जायचा, पुन्हा यायचा. शेवटच्या खणातली डिस्क मधूनच अडखळायची. दर वेळी मला वाटायचं, ही आता जाते. ठकुबाई मात्र पाट घेऊन माझ्याजवळ बसली ती उठेचना. तिची बोटं एकमेकांत गुंतत होती, सुटत होती.

दुसऱ्या दिवशी काम पुरं झालं. मनोजने पहिलीच फाइल लावली, आणि खोलीत ठकुबाईचा आवाज उभा राहिला, जुना, भरदार. मेघाली दारात रडायला लागली.

"आता चिंता नाही," मनोज म्हणाला. "हळदीला मोठ्या स्पीकरवर लावू."

ठकुबाईने जोरात हात हलवला. ती कुजबुजली ते ऐकायला सगळे वाकले. "डबा नवरीला हलद लावल काय? बायांना बोलवा."

मग रोज दुपारी बायका जमू लागल्या. एक ओळ ऐकायची, म्हणायची. चुकलं की ठकुबाई मान हलवायची, की पुन्हा पहिल्यापासून. दरम्यान भाविकाने माझ्यातल्या सगळ्याची दुसरी प्रत काढून ती कोनलाच कपाटात ठेवली. जाळी पुसायचा वार ठरला.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा खोका असेल. तो महाग नसला तरी चालेल, पण त्याला हवा द्या, त्याच्या अंगावरची धूळ पुसा, आणि एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. आणि जे ठेवलं आहे ते अधूनमधून बाहेर काढा. नुसतं साठवून ठेवण्यात काय असतं ते मी गोदामात भोगलं आहे.

मेघालीच्या हळदीच्या दिवशी मला कोणी चालू केलं नाही. मी आतल्या खोलीत बंद होतो आणि बाहेर मांडवात बायका गात होत्या. मध्येच एक ओळ कोणाला आठवेना. सगळं थांबलं. माझ्यात ती ओळ होती, पण मी काहीच करू शकत नव्हतो. तेवढ्यात मेघालीनेच, हळदीने माखलेल्या नवरीनेच, ती उचलली, आणि सगळ्याजणी तिच्यामागून गायला लागल्या.