सहा काड्यांचं घर

मित्रांनो, मी एक जुना, कोपरे झिजलेला खेळ आहे. चाळीस पत्ते आणि चोवीस लाकडी काड्या, एवढाच माझा संसार. पत्ता उलटायचा आणि त्यावरचा आकार काड्यांनी जुळवायचा. जो आधी जुळवेल, पत्ता त्याचा.

मला या घरातल्या लेकीच्या मामाने घडवलं. तो सुतार. खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या पट्ट्या तासून त्याने काड्या केल्या आणि बोटात कुसळ जाऊ नये म्हणून एकेक घासून गुळगुळीत केली. पत्ते कापले त्याच्या बहिणीने, म्हणजे या घरातल्या आईने. ती कपडे शिवायची. तिची कात्री कधी रेष सोडत नसे.

खेळातही तिचा हात कुणी धरू शकत नसे. बाबा कुरकुरत, "पत्ते तूच कापलेस, तुला सगळे पाठ असणारच!"

"मग पुढचे तुम्ही कापा," आई म्हणे, "पण माझ्या कात्रीला हात लावायचा नाही!"

पुढे लेक मोठी झाली, अभ्यास वाढला आणि माझ्यावर धूळ साचली. मला वाईट वाटलं, पण तक्रार कुणाकडे करणार?

एके दिवशी आई जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी उजव्या हाताची बोटं वळेनात. शिलाई मशीनवर चादर पडली. डॉक्टर म्हणाले, "बारीक वस्तू उचलत राहा." तेव्हा लेकीला माझी आठवण झाली. तिने मला पुसून आईपुढे ठेवलं.

पहिल्या डावात आईची काडी तीनदा निसटली. तरी ती जिंकली. तिने लेकीकडे रोखून पाहिलं.

"मुद्दाम हरलीस ना? असं नको करूस गं. खोट्या जिंकण्याने हात बरा व्हायचा नाही."

लेकीचे डोळे भरून आले. मग मात्र ती खरोखर खेळली, आणि आई रोज हरू लागली. कधी वैतागून काड्या ढकलून द्यायची; थोड्या वेळाने स्वतःच गोळा करायची.

एका संध्याकाळी घराचा आकार असलेला पत्ता आला. चार काड्यांच्या भिंती, दोन काड्यांचं छप्पर. लेकीचं घर केव्हाच झालं होतं. आईची शेवटची काडी बोटांत थरथरत होती. बाबांनी मदतीला हात पुढे केला, तसा लेकीने तो धरला. "बाबा, थांबा ना."

कुणी हललं नाही. काडी टेकली. छप्पर झालं.

"हरले," आई म्हणाली आणि किती दिवसांनी मोकळेपणी हसली. चार महिन्यांनी तिने मशीनवरची चादर काढली. पहिली शिवण वाकडी आली. ती उसवून तिने पुन्हा घातली.

मित्रांनो, मामाच्या रंध्याचे, आईच्या कात्रीचे आणि लेकीच्या आठवणीचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा खेळ असेल. खेळून झाल्यावर त्याच्या काड्या मोजून ठेवा. आणि खेळताना कुणाचा हात हळू चालत असेल, तर त्याच्यासाठी थांबा. त्याची काडी तुम्ही ठेवू नका.