हरवलेली चिंधी

लर्विक बंदराच्या धक्क्यावर खारवलेल्या मासळीच्या तपासणीला आलेल्या साहेबाने नेमकं त्याच पिंपावर बोट ठेवलं आणि डोलिना दोन पावलं मागे सरली.

पंधरा दिवसांपूर्वी हेरिंग मासे चिरता चिरता तिच्या अंगठ्याची चिंधी सुटली होती. सुरी लागू नये, मीठ झोंबू नये म्हणून सगळ्याच बाया बोटांना चिंध्या बांधत. तिच्या लक्षात आलं तेव्हा मासळी या पिंपात गेली होती. तिने ते कुणालाच सांगितलं नाही. मालात चिंधी निघाली, तर दोघी चिरणाऱ्या आणि एक रचणारी, अशी तिघींची अख्खी टोळी पहिल्या बोटीने घरी!

"तळाकडून उघडा," साहेब म्हणाला.

पिंप उलटलं, बूड निघालं. एकेक थर बाहेर यायला लागला. डोलिनाने अंगठा मुठीत लपवला. ते थर रचणारी मुरदिना मात्र शेजारी उभी राहून खुशाल मोजा विणत होती.

"मावशी, मला काहीतरी सांगायचंय," डोलिना पुटपुटली.

"आत्ता सुचलं होय तुला?"

शेवटचा थर निघाला. साहेबाने एक मासा हुंगला, मान डोलावली आणि सरकारी छाप मारायला सांगितलं. डोलिनाला रडूच फुटलं.

मुरदिनाने विणकाम काखेत मारलं, खिशातून एक खारट, कडक झालेली चिंधी काढली आणि डोलिनाच्या अंगठ्यावर करकचून आवळली.

"रचतानाच तिसऱ्या थरात सापडली होती. पंधरा रात्री वाट बघितली गं तुझ्या बोलण्याची. एकाच बिछान्यात झोपतो ना आपण तिघी?"