नऊ मतं

कियोनोबाईंनी जपानमधल्या एका डोंगरातल्या गावात तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. पुढे मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, मग नवरा गेला, आणि दिवसदिवस बोलायला कुणी मिळेनासं झालं. ग्रामपंचायतीच्या जागा सहा आणि उभे राहणारेही तेच सहा, त्यामुळे गावात बारा वर्षं मतदान झालंच नव्हतं.

यंदा बाईंनी अर्ज भरला.

अर्ज घेणारा इशिगुरो त्यांचाच जुना विद्यार्थी. तो हळूच म्हणाला, "बाई, सगळं आपसात ठरलंय. उगाच साऱ्या गावाला कशाला कामाला लावताय?"

"मी वर्गात काय शिकवलं होतं तुला?"

"ते परीक्षेपुरतं होतं, बाई."

त्या दिवसापासून शेजारीणही त्यांच्या दारावरून खालमानेनं जाऊ लागली. प्रचाराला बाई एकट्याच हिंडल्या. लोक ऐकून घेत, अदबीनं वाकत आणि दार लावून घेत.

मतदानाला त्या सर्वांत आधी पोचल्या. पहिल्या मतदाराला दाखवायची असते म्हणून त्यांना रिकामी पेटी उघडून दाखवली. चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव पेन्सिलीनं लिहायचं असे. स्वतःचंच नाव लिहायची मात्र त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी दुसऱ्याचं लिहिलं.

बाई पडल्या. इशिगुरोनं फोन करून सांगितलं, "नऊ मतं पडली, बाई."

म्हणजे नऊ जणांनी त्यांचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. कोणी, ते कधीच कळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाटेत जो भेटला त्या प्रत्येकासमोर बाई जरा जास्तच वाकल्या.