गोड्या पाण्याचा पाहुणा

मित्रांनो, मी एक म्हातारा पीएच मापक आहे. दिसायला पेनाएवढा, टोकाला काचेचा इवलासा गोळा. तो पाण्यात बुडवला की पाणी किती आम्लधर्मी आहे ते मी आकड्यात सांगतो. सांगत असे, असे म्हणायला हवे.

वाळवंटातल्या सहरावी निर्वासितांच्या छावणीत, तेस्लेमच्या तंबूत मी कामाला लागलो. तिथल्या वाळूत काही उगवत नाही. तेस्लेम पत्र्याच्या ताटांत, मातीवाचून, जवाचा हिरवा चारा पिकवी. विहिरीचे पाणी रोपांना सोसत नसे. ती त्यात थेंब थेंब आम्ल घाली आणि मी योग्य आकडा दाखवला की हात आवरता घेई. चारा तरारून येई, बकरी दूध देई. तिची लेक सालका हिला अंगावर दूध नव्हते. तिचे तान्हे बाळ बकरीच्याच दुधावर वाढत होते. शेजारणी मला बघायला येत आणि मी फुशारून जाई.

मला आणून देणाऱ्या माणसाने माझ्या टोपणात खारट पाणी भरले होते. काचेचा गोळा त्यातच जगतो. तेस्लेमने ते जिभेला लावून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"पाहुण्याला कुणी खारट पाणी देतं का?" ती सालकाला म्हणाली. "पावसाचं आण, चहासाठी राखलेलं."

त्या दिवसापासून मी त्या गोड, निर्मळ पाण्यात राहिलो आणि आतून झिजत गेलो. पाणी पुरेसे आम्लधर्मी झाले तरी मी नाहीच म्हणू लागलो. ती बिचारी आणखी आम्ल ओतत राहिली. जव कुजले, मुळे काळी पडली, बकरी आटत चालली.

"आई, ही कांडीच बिघडली असेल," सालका एकदा म्हणाली.

"गप गं. तंबूत आलेल्यावर आळ घ्यायचा नाही. माझाच हात चुकतोय."

तिचा हात कधीच चुकला नव्हता. मला तोंड असते तर ओरडून सांगितले असते.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तेव्हा त्याला काय सोसते तेही विचारा. माझ्यासारख्या मुक्यांची तर जास्तच चौकशी करा. माझ्या बाबतीत आता उशीर झाला आहे.

आज बकरीच्या सडाला थेंब आला नाही. बाळ सकाळपासून रडते आहे. त्याला निदान साखरपाणी पाजावे म्हणून सालकाने पावसाच्या पाण्याची शेवटची बाटली काढली. तेस्लेमने ती तिच्या हातातून घेतली आणि आधी माझे टोपण भरले.